सव्वीसचा आकडा

बुधवार, संध्याकाळ. नागपूर.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज वर्गात आठवीची प्रॅक्टिकलची जर्नलं तपासत होतो. पाण्याच्या बाटलीत फसफसणारी गोळी टाकायची, तोंडावर फुगा लावायचा, मग फुगलेल्या फुग्याभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजायचा. सगळ्या वर्गाचा आकडा सव्वीस सेंटिमीटर. एकट्या प्राचीचा तेवीस. मी लाल पेनानं तेवीस खोडला आणि वर सव्वीस लिहिला.

तर ही पोरगी सगळ्यांसमोर म्हणते, "सर, थोडा गॅस पाण्यातच राह्यते जी. बाटली हालवली का फुगा वाढते."

"मले शिकवून राहिली का वं? सगळ्यायचं आहे तेच लिही!" इतक्या जोरानं ओरडलो, की बाजूच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. प्राची रडली नाही. त्याचाच जास्त राग आला. काहून पण?

घरी येताना मेडिकलमधून तीच गोळी आणली. तिला खोटं पाडायचंच होतं. फुगा लावला, दोरा धरला. तेवीस! बाटली हलवली. पाणी पुन्हा फसफसलं आणि दोरा पंचवीसवर गेला. तीनदा केलं. सव्वीस एकदाही आला नाही.

मग हा सव्वीस आला कुठून? पोरं दरवर्षी ज्याच्यावरून उतरवतात, ते नमुन्याचं जर्नल माझंच. ते मी तयार केलं, त्या वर्षी शाळेत फुगे आलेच नव्हते. सव्वीस मी अंदाजानं लिहिला होता.