राजांच्या चपला

पुराचा दुसरा महिना, सहावा दिवस

पुन्हा सेनकाच पुढे! उत्तरेचा राजा पडला. आमच्या राजांनी आपला पांढरा मुकुट उतरवून तिथला लाल चढवला — दक्षिण-उत्तर आता एकच मुलूख! सगळ्यांना गहिवरून आलं. मी मात्र सेनकाकडे बघत होतो. हातात राजांच्या चपला, आणि छाती अशी फुगलेली, जणू यानंच लढाई मारली! मी आपला मागे, पंखा हलवत.

अकरावा दिवस

विजयाचा दगड कोरायचा ठरलाय. राजे, शत्रू आणि राजांमागे एक सेवक. एकच!

"कोण?" मी कारभाऱ्यांना विचारलं.

"चपलावाला. दुसरं कोण? तुझा वारा कसा कोरायचा रे?"

सगळे फिदीफिदी हसले. सेनकाही! दगडावर कोरलेला माणूस मरत नाही. म्हणजे हा कायमचा, आणि मी? अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाकरी गेली नाही.

बारावा दिवस

आज सेनकाशी बोललो नाही. मेल्याच्या ते लक्षातही आलं नाही.

पंधरावा दिवस

सापडलं! उत्तरेत होडीतून उतरताना त्यानं चपला चिखलात टेकवल्या होत्या. क्षणभरच — पण राजांचं पाऊल पडायच्या आधी! जिंकलेल्या मातीला आधी राजांचा अनवाणी पाय लागायचा, मग चपला. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कारभाऱ्यांच्या कानावर घातलं. खोटं थोडंच सांगितलं?

अठरावा दिवस

सेनकाला काढलं. गुरं राखायला धाडलं. जाता जाता म्हणाला, "उजव्या चपलेचा बंद काचतो रे. आतून मऊ चिंधी लाव, नाहीतर राजांना फोड येतो." वर हा शहाणपणा!

चपला माझ्याकडे.

पेरणीचा पहिला महिना, चौथा दिवस

दगड पाहिला. राजांच्या मागे मी! पाथरवटानं नाक जरा फताडं केलंय, पण मीच. सेनकाला मुद्दाम बोलावून दाखवला. "शोभतोस हो," म्हणाला. आतून जळत असणार. जळू दे!

पेरणीचा तिसरा महिना, नववा दिवस

राजे तापानं गेले. पुजारी म्हणतात, एका मुलखाचा राजा कुत्री आणि माठ घेऊन जायचा. दोन मुलखांचा राजा तसा एकटा कसा जाईल? दगडावर जो मागे उभा आहे, तो सोबत जाईल.

उद्या. थडग्याशेजारी खड्डा खणून झालाय.

सेनका येऊन गेला. माझा हात धरून रडला. मग घरी गेला. घरी!