रिंगेच्या पाठीवरचे दोन ओरखडे

अण्णा, काल मी एक रिंग पाठीवर तुमचे दोन ओरखडे न काढता गिऱ्हाइकाच्या हातात दिली. हे ऐकून रागावेल असं माणूस आता घरात उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

त्या दुष्काळात कारखान्यावर उसाचं टिपरूही आलं नव्हतं. सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं, आणि तिथले दाबाचे मीटर दुरुस्त करणारे तुम्ही घाटनांदूरला घरी बसून होता. मीही अंबाजोगाईच्या कॉलेजातून रसायनशास्त्राची पुस्तकं घेऊन सुट्टीला आले होते. एका सकाळी गल्लीतले सुरुंगवाले मामा घड्याळ घेऊन आले. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मेव्हण्याने त्यांना ते दिलेलं, समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ. त्याच्या काचेभोवती एक फिरतं कडं असतं आणि त्या कड्यात मिनिटांचे आकडे असलेली पातळ रिंग बसवलेली असते. ती रिंग विहिरीच्या दगडाला घासून निखळून पडली होती. आई म्हणाली, "बुडी माराया पाणी कुठं हाय, भाऊजी?" मामा हसले, पण त्यांचं अडलं होतं. विहिरीत सुरुंगाची वात पेटवली की कडं फिरवून रिंगेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि वर आल्यावर किती मिनिटं झाली ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत. त्या वर्षी जो तो विहीर खोल करत होता, आणि मामांना रोज कुठून ना कुठून बोलावणं होतं.

तुम्ही कारखान्याच्या साहेबांना विचारून मोडीत निघालेल्या मीटरची ॲल्युमिनियमची तबकडी आणलीत. तिच्यातून रिंग कापून कानशीने तिला आतल्या बाजूला उतार दिलात. पुढचं काम माझं. बॅटरीच्या पातळ ॲसिडात वीज सोडून रिंगेवर रंग धरणारा थर आणायचा, आकड्यांची जागा बारीक कुंचल्याने वॉर्निशखाली झाकायची, मग काळ्या रंगात बुडवायची. वॉर्निश पुसलं की काळ्यावर चंदेरी आकडे उमटतात. शेवटी रंग पक्का व्हायला उकळत्या पाण्यात ठेवायची. पहिली रिंग मी टँकरच्या खाऱ्या पाण्यात उकळली आणि ती पीठ लागल्यासारखी पांढुरकी झाली. तुम्ही आईच्या घागरीतलं गोडं पाणी दोन तांबे काढून घेतलंत. ती घागर आईने दोन मैलांवरून आणलेली. चुलीपुढे बसलेली आई म्हणते, "माणसाला प्यायाला न्हाई आन् तुमी घड्याळाला पाजा." तुम्ही मान खाली घालून पातेल्यात बघत बसता. दुसरी रिंग मात्र काळीभोर निघाली.

ती मीच बसवली. तुम्ही टँकरच्या रांगेत होता, मामांना कामावर जायची घाई होती. कंपनीची वाटते की नाही, असं मी विचारलं. मामा म्हणाले, वाटती काय, हायच की. रिंग कंपनीची नवी आणली असं ते धरून चालले; मी तो गैरसमज तसाच राहू दिला. तुम्ही घागर घेऊन आलात आणि आधी विचारलंत, पाठीवर आपल्या हातच्या कामाची खूण केलीस का? मी म्हटलं, राहिली. तुम्ही घागर उंबऱ्याशी टेकवून सायकल काढलीत आणि मला मागे बसायला सांगितलंत. चार मैल गेलो. विहिरीपासून लांब बांधामागे माणसं आडोसा धरून बसली होती, आम्हीही बसलो. सुरुंग उडाला, धुरळा खाली बसला, मगच तुम्ही मामांच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलंत. बाभळीखाली चाकूच्या टोकाने रिंग उचकटलीत, पाठीवर दोन ओरखडे काढलेत आणि मामांना दाखवलंत. ही आमच्या हातची आहे, एखादं मिनिट इकडेतिकडे धरून चाला, असं बजावलंत. मामा म्हणाले, "अण्णा, पाठीवर कोण बघणार हाय?" तुम्ही म्हणालात, "पुढं जो उघडील त्यो."

येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता. वेशीपाशी थांबून म्हणालात, "खऱ्यासारखी कर. पर खरी म्हणून देऊ नगं. तुझ्या शब्दावर माणूस हिरीत उतरतंय, बाय." एवढंच. पुढे तीस वर्षं मी कॉलेजात शिकवलं, कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गातून बाहेर काढलं, त्यांच्या आईबापांचं एक ऐकलं नाही. सगळे म्हणायचे, बाई लई कडक. तो कडकपणा त्या वेशीवरचा होता.

तुमच्यामागे मी हे काम सोडून दिलं होतं. चार वर्षांपूर्वी पुण्याहून एक जण दारात आला. जुनी घड्याळं घेतो, नीट करतो, विकतो. मामांच्या मुलाने विकलेलं ते घड्याळ फिरत फिरत त्याच्याकडे गेलेलं. त्याने रिंग उचकटली, दोन ओरखडे दिसले, आणि विचारत विचारत तो इथवर आला. तेव्हापासून मी त्याला रिंगा करून देते. तो दर गुरुवारी फोन करतो. कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपतं, मग तो विचारतो, मॅडम, जेवलात का, गुडघा कसा आहे. मी त्याला फटकारते, तो हसतो. अण्णा, आठवड्यात या घरातला फोन तेवढाच वाजतो.

काल तो स्वतः आला. रिंग तयार होती, कडेला त्याने सांगितली तशी उन्हात विटल्यासारखी फिकट केलेली. ओरखडे काढायला मी टोच्या हातात घेतला तसा तो म्हणाला, "मॅडम, या वेळी मागं काही नको. मागं कोण बघतं?" कशासाठी ते मला कळलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खोटं तरी बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं, आणि दोन्हींनंतर गुरुवार राहिला नसता. मी टोच्या खाली ठेवला.

तो पुण्याच्या वाटेवर वडवणीच्या पुढे गेला नसेल तोवर फोन करून त्याला माघारी बोलावता आलं असतं. तुम्ही त्या दिवशी चार मैल गेलात, मी जागची उठले नाही. आता या रिंगेच्या भरवशावर कोणी विहिरीत उतरत नाही, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. ते मलाच पटलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही हे कळतं. तरी काय दिलं ते लिहून ठेवते.

काळी रिंग एक, त्रिकोण आणि दहा ते पन्नास आकडे चंदेरी, पाठ कोरी. पत्र्याची डबी एक, आत कापूस. दिल्याची वेळ दुपार, जागा ओसरी. घेणाऱ्याने रिंग उलटून पाहिली आणि मान डोलावली. त्याखेरीज, त्याने न मागता, कारळाच्या चटणीची बरणी एक. ती मी सकाळीच भरून ठेवली होती.