पाऊण इंच

३ मार्च
आजही कटिंग मास्तरांशी बोलले नाही. मास्तरांनी कापलेल्या तीस शर्टांच्या, टेबलाच्या डाव्या टोकाला येणाऱ्या बाह्या पाऊण इंच अरुंद. उजवीकडच्या मात्र सुबक! मास्तर जेवायला गेले तेव्हा उरलेल्या कापडातून गुपचूप नव्या बाह्या कापून ठेवल्या. महिन्याभरात चौथ्यांदा. कटिंगची सुपरवायझर मी — आणि चोरासारखी कात्री चालवते.

५ मार्च
मालकीणबाईंनी सगळ्यांच्या वार्षिक अहवालाचे फॉर्म दिले. "मास्तरांचं काही असलं तर तूच सांग. सोनारानेच कान टोचावेत." मी कसली सोनार? मला कात्री धरायला त्यांनी शिकवलं. माझी पहिली कॉलर सगळ्यांसमोर उसवून म्हणाले होते, "पोरी, ही माणसाच्या गळ्याला की बैलाच्या?" आठवडाभर रडले. पण कॉलर जमली.
फॉर्मवर लिहिलं — काम उत्तम.

१२ मार्च
मास्तरांना मुद्दाम चहाला नेलं. वाक्य पाठ केलं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवलं — त्यांचे गुडघे, नातीची परीक्षा, नवं मशीन. शेवटी तेच म्हणाले, "काही सांगायचं होतं का गं?"
"छे, सहजच."
उठताना मास्तर डाव्या हाताच्या स्टुलावर आदळले. "कुठेही ठेवतात मेले," म्हणाले. मीही हसले.

२ एप्रिल
पुन्हा बाह्या. पुन्हा मी.

३० जुलै
आज जादा कापड उरलंच नव्हतं. झाकायचं कशाने? सांगून टाकलं. बाह्या टेबलावर पसरल्या, पट्टी ठेवली.
मास्तर काठावरून बोट फिरवत राहिले. "कधीपासून?"
"फेब्रुवारीपासून."
ओरडले असते तर बरं झालं असतं. खडू खिशात टाकून म्हणाले, "उद्या डोळे दाखवून येतो."
इतकं सोपं होतं? सहा महिने उगाच घाबरले. फार हलकं वाटतंय.

२ ऑगस्ट
मास्तरांच्या घरून काकूंचा, त्यांच्या बायकोचा, फोन. मास्तरांना काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, गेलेली नजर परत येत नाही. चार-पाच महिने आधी आले असते तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.
"कामावर कुणाच्याच लक्षात आलं नाही का गं?" काकूंनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "यांनाही विचारलं मी. म्हणाले, नाही, कुणाच्याच नाही."