अडीचशे ग्रॅमची गल्ली

थोरल्या अक्काला धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबरेनं ते खातं बंद करून दोन वर्षं झाली.) तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली असं भाचीकडून कळलं, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच "बरं बरं, ठेवते" म्हणतेस, कागदाला तसं म्हणता येत नाही. गुडघ्यांना तेल लावतेस ना? साखर कमी केलीस का? खोटं सांगू नकोस, तुझा चेहरा मला इथून दिसतो. आम्ही दोघं ठीक. तुझे मेहुणे पेपर वाचतात, मी बोलते, ते "हं" म्हणतात, असा संसार झकास चालला आहे.

आता मूळ गोष्ट. आमची गाडीवाली जाणार. रोज सकाळी साडेसातला घंटी वाजवत ढकलगाडी घेऊन कचरा न्यायला येते ना, ती. ती बंद होऊन पंधरा दिवसांतून एकदा मोठी मोटार येणार आणि हिला धाडणार पार स्टेशनपलीकडे. आणि हे कुणी केलं म्हणशील तर नगरपालिकेच्या ऑफिसनं नाही, आमच्याच गल्लीतल्या चाळीस शहाण्या घरांनी केलं. माझा नुसता संताप झालाय अक्का. चार दिवस भांडी आपटतेय, एका पातेल्याला पोचा आला.

तू म्हणशील, कचरेवालीसाठी एवढं काय. पण ती कचरा नेते म्हणणं म्हणजे पोस्टमन कागद नेतो म्हणण्यासारखं आहे. डब्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसली की दुसऱ्या दिवशी विचारते, ताप उतरला का. गेल्या थंडीत हे न्हाणीघरात पडले, मी त्यांच्या उशाशी बसून, तेव्हा दोन दिवस आमचा डबा दाराबाहेर आला नाही म्हणून जिना चढून वर आली ती हीच. शेजार तोवर झोपलेला. (शेजारणीला नंतर विचारलं तर म्हणे, आम्हाला वाटलं तुम्ही गावाला गेलात. मी गावाला जाते तेव्हा आठ दिवस आधीपासून सगळ्यांना सांगत असते, हे तिला ठाऊक नाही होय?) सकाळच्या त्या दहा मिनिटांनीच माझा दिवस सुरू होतो. कमरेवर हात ठेवून मी वर, गाडीला टेकून ती खाली, आणि सगळ्या गल्लीचा निकाल लागतो.

तर झालं काय, ऑफिसातून एक चष्मेवाले साहेब आले. कचऱ्याची नवी योजना आखायची होती. कुठल्या गल्लीत गाडी किती वेळा, ओल्याचा डबा केवढा, सुक्याचा केवढा, हे सगळं ठरवायचं. शाळेच्या वर्गात सभा भरली. पोरांची बाकं ती, त्यात बसलेली माणसं घडी घातलेल्या खुर्च्यांसारखी दिसत होती. साहेब म्हणाले, कमिटीत एक बाई हवी. नेमका त्याच वेळी माझा गुडघा धरला, तो सरळ करायला मी उभी राहिले, आणि टाळ्या झाल्या. अशी मी मेंबर झाले. (हे म्हणाले, "हं." पण यावेळी पेपर खाली ठेवून म्हणाले.) खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. दुसरीतून शाळा सुटली तेव्हा वर्गात मला कोपऱ्यात उभं केलं होतं, आणि आता वर्गात उभी राहिले तर टाळ्या. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. त्यात आमची गल्ली पट्टीसारखी सरळ. मी म्हटलं, साहेब, शिंपीणबाईंच्या ओट्याशी गल्ली वाकडी होते, तुमची मोटार तिथं अडकली तर ओट्यासकट न्यावी लागेल. साहेबांनी लगेच पेन्सिलनं वाकडं करून घेतलं. शिंपीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ओटा मीच पुढे ढकलला.

मग ठरलं की सात दिवस प्रत्येक घराचा कचरा गल्लीच्या तोंडाशी आणून मोजायचा. सगळ्यांना तीन-तीन पानांचे कागद वाटले. मी पहिलं पान पुरतं वाचलं. (दोन दिवस लागले, पण वाचलं.) बाकीचे, कॉलेजात शिकलेले, त्यांनी तेवढंही नाही. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं म्हणे, जिथं कचरा जास्त तिथं गाडी रोज, कमी तिथं आठवड्यानं, अगदीच कमी तिथं पंधरवड्यानं. आता हे असलं महत्त्वाचं तिसऱ्या पानावर लिहितात का कुणी? पहिल्या पानावर काय, तर आभार.

पहिल्या दिवशी ऑफिसचा माणूस काटा टांगून बसला. त्याचा आवाज म्हणजे लिलावाचा. "बारा नंबर, चार किलो दोनशे," असं ओरडून तो वहीत लिहायचा. बारा नंबर म्हणजे शिंपीणबाई. घरात सहा माणसं, वर कापडाच्या चिंध्या, होणारच चार किलो. पण रांगेतली सगळी डोकी एकदम वळली. मी काही वाईट बोलले नाही, एवढंच म्हटलं, "अगं बाई, एवढं?" बस्स. यात रागावण्यासारखं काय आहे तूच सांग. पण ती फणकाऱ्यानं घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी मूठभर कचरा घेऊन आली. चारशे ग्रॅम. मान अशी ताठ की काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

झालं, तिथून गल्लीला वेड लागलं. रिटायर पोस्टमास्तरांनी कचऱ्याची पुडकी बांधून, दोऱ्यानं आवळून कपाटात लावली, वर तारखा घातल्या. कंपाउंडर सालं डब्यात भरून दवाखान्यात न्यायचा, तिथल्या पेशंटना वाटायचं काय घरचं जेवण आणतो बिचारा. शिंपीणबाईंनी चिंध्यांच्या उशा केल्या, आता त्या घरात माणसं सहा आणि उशा एकवीस. मी मेंबर, मला तर गल्लीचं नाक सांभाळायचं होतं. घरोघर जाऊन फक्त इतकं सांगून आले की बाहेरचा माणूस मोजतोय, जरा बघा. आमच्याकडे चहाचा चोथा कुंड्यांत, अंड्याची टरफलं कुंड्यांत, शेवटी कुंड्यांत माती दिसेना. यांना सफरचंद दिलं ते बियांसकट खायला लावलं. बटाटे सालासकट. तिसऱ्या दिवशी हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "आज केळी आणली नाहीस ते बरं केलंस." एवढं लांब वाक्य त्यांनी लग्नातसुद्धा म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पोस्टमास्तरांनी एक रिकामी काडेपेटी आणली. काटा हललाच नाही. रांगेत टाळ्या पडल्या आणि त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. गाडीवाली बिचारी एका बोटानं गाडी ढकलत होती. खालून मला म्हणाली, "आजी, गल्लीत कुणी जेवतं का नाही?" मी म्हटलं, तू बघच, पहिला नंबर आपलाच. ती घंटीसुद्धा न वाजवता गेली. मला वाटलं, हिला कौतुक कसं करावं ते कळत नाही.

आठव्या दिवशी पुन्हा सभा. साहेब खूश. दर घरी दिवसाला अडीचशे ग्रॅम, अशी गल्ली आम्ही पाहिली नाही, म्हणाले. एक मानपत्र दिलं, त्याला चौकट होती. आणि त्याच दमात म्हणाले, तेव्हा इथं रोजच्या फेरीची गरज नाही, पंधरवड्यानं मोटार येईल, ढकलगाडी दुसरीकडे देऊ. टाळ्या निम्म्यावर थांबल्या अक्का. चाळीस घरांची माणसं मानपत्राकडे बघत बसली, आणि प्रत्येकाच्या घरी आठ दिवसांचं साठलेलं. वर्गात वास नव्हता, तरी दोन-तीन रुमाल नाकाला गेले, सवयीनं. कोण कबूल करणार? मास्तरांना काडेपेटीचा मान, शिंपीणबाईंना चारशे ग्रॅमचा. दाराशी गाडीवाली उभी होती, तिनं ऐकलं, पदरानं हात पुसले आणि निघाली.

मग मी उभी राहिले. यावेळी गुडघ्यासाठी नाही. म्हटलं, साहेब, ती वही खोटी आहे. साहेब चष्मा पुसत म्हणाले, म्हणजे आजी, तुमच्या घरचं वजन खोटं होतं? आता आली का पंचाईत. मी म्हटलं, माझ्याच नाही, सगळ्यांच्या. आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलं. मास्तरांचं कपाट सांगितलं, उशा सांगितल्या, कंपाउंडरचा डबा सांगितला. कंपाउंडर म्हणाला, आणि तुमच्या कुंड्या? शिंपीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्या दिवशी "एवढं?" कोण म्हणालं होतं? असा गलका झाला की साहेबांना फळ्यावर डस्टर आपटावं लागलं. शेवटी म्हणाले, सोमवारपासून एक आठवडा पुन्हा मोजतो, हा शेवटचा. जे भरेल तेच कायम. मानपत्र परत घेऊन गेले. चौकटीसकट.

तर असे हे लोक. लाज नाही, खरं बोलायची हिंमत नाही, नाकासाठी एका बाईची फेरी घालवायला निघाले. माझं तर मन विटलं. भाचीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना तेल.

तुझी धाकटी

ता. क. – सोमवारपासून आठवडाभर तू राहायला ये. एकटी नको, तिन्ही नातवंडांना घेऊन ये. अर्धं खाऊन अर्धं टाकतात म्हणून तू त्यांना रागावतेस ना, तेवढे आठ दिवस रागावू नकोस. आम्ही दोघं म्हातारी किती खाणार आणि किती टाकणार. कलिंगडं आणायला यांना सांगितलंय.

दुसरा ता. क. – पत्र पेटीत टाकायला गाडीवालीच नेणार होती, म्हणून तिला हे वाचून दाखवलं. कलिंगडाशी आली तेव्हा ती खाली बसली आणि हसत सुटली. मग म्हणाली, आजी, पाहुणे आणून वजन वाढवलं तर ती वही पण खोटीच, माझी फेरी राहायची तर तुमच्या खऱ्या कचऱ्यावर राहू दे. तिचीच फेरी आणि तिलाच पटेना, मग मी कोण. तेव्हा त्या आठवड्यात येऊ नकोस. त्याच्या पुढच्या सोमवारी ये. तेव्हा तुला बोलवायला माझ्याकडे काहीच कारण नसेल, तरी ये.