माझ्या बोटाची नोकरी

ती. ताईंना धाकट्या जावयाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साडूबुवांनी पथ्य पाळायचं मनावर घेतल्याचं कळलं. इथे कुणाचाच विश्वास बसला नाही. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तक्रार एकच आहे, आणि ती तुमच्या बहिणीविरुद्ध आहे.

लेक वसतिगृहात गेली आणि हिने कपाटातली जुनी पदवी झटकून, सत्तेचाळिसाव्या वर्षी इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं, हे तुम्ही जाणताच. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. (परवा मी मिरी समजून भाजीत घातले ते हिचे सुटे भाग होते, आणि बोलणी खाल्ली ती भाजीबद्दल नव्हे.) शेवटच्या प्रकल्पासाठी हिने हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र केलं. पडद्यावरची रेघ मात्र भूत अंगात आल्यासारखी नाचायची. महिनाभर हिने डोकं फोडलं. मग एके दुपारी मी चष्म्याचं दुकान बंद करून डबा द्यायला प्रयोगशाळेत गेलो, बघू तरी म्हणून यंत्राच्या पेटीला बोट लावलं, आणि रेघ शहाण्यासारखी चालू लागली. बोट काढलं की पुन्हा थयथयाट. झालं! तेव्हापासून दुपारी दुकान बंद आणि माझं बोट पेटीवर. हिच्या वर्गातली पोरं (सगळी आपल्या लेकीच्या वयाची) मला भावजी म्हणतात आणि आल्याआल्या हात पुसायला फडकं देतात.

परीक्षेलाही मी इस्त्रीचा शर्ट घालून, बोट लावून उभा. यात नापास झाली तर दोन वर्षं पाण्यात, म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर करून (नंबर बदललाय त्यांचा, नक्की) विचारलं, "हे कोण?"

"माझे यजमान. हे असले की यंत्र नीट चालतं."

बाईंनी मला बाजूला व्हायला सांगितलं. रेघ नाचू लागली. "आता यांचं बोट नेमकं काय करत होतं ते सांगा," बाई म्हणाल्या. ताई, हिने एकदा पेटीकडे, एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं आणि फळ्यावर भराभर लिहीत सुटली. माणसाच्या अंगात थोडा विद्युतभार साठतो म्हणे, आणि तेवढंच त्या मंडलात कमी होतं. हिने मसुराएवढा एक कपॅसिटर (तसाच भार साठवणारा भाग) उचलून जोडला. रेघ सरळ चालू लागली. माझी नोकरी गेली आणि ही पहिल्या वर्गात पास झाली. खोटं कशाला सांगू, मी तिथेच रडलो. पोरांनी तेच फडकं पुढे केलं.

तेव्हा या बाईला जरा समज द्यावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा जावई

ता. क. समज कसली ते लिहायचं राहिलं. प्रकल्पाच्या सरांनी हिला पीएचडीला बोलावलंय. "घराचे हाल पुरे झाले" म्हणून ही नको म्हणतेय. शुक्रवारच्या आत कळवायचं आहे. फोन करून तिची चांगली खरडपट्टी काढा.

ता. ता. क. मी सांगितलं म्हणू नका. माझा सक्त विरोध आहे असं सांगा, म्हणजे नक्की जाईल.