पुऱ्या हाताचा ठोका

मांडवी, रत्नागिरी
दि. २८-९-८५

ती. गंगाराममामांस, भाचा सदू याचा शि. सा. न. वि. वि.

सकाळच्या राजापूर गाडीच्या कंडक्टरकडे खोकं दिलं आहे. आंब्याच्या कलमावरून पडल्यापासून तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आरतीचा नगारा डाव्याने कसाबसा वाजवता, हे आईने सांगितल्यापासून दुकानात मोटरींच्या तारा गुंडाळताना माझं लक्ष लागत नव्हतं. खोक्यात जीपच्या वायपरची मोटर आहे. ती नगाऱ्याच्या दोन काठ्या आळीपाळीने उचलील आणि स्प्रिंगा त्या खाली आपटतील.

सोबतच्या पत्र्याच्या डबीत तिचा ड्रायव्हर आहे. मोटरला बॅटरीची वीज केव्हा आणि किती द्यायची ते जो ठरवतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. मी सगळ्यांत साधा घेतला, रिलेचा. बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गेल्या वर्षीच्या तुमच्या आरतीची कॅसेट लावून ठोके मोजले. अकरा मिनिटांत अकराशे, म्हणजे मिनिटाला शंभर. गिअर तसाच बसवला आहे.

खोकं पोचल्याचं कळवावं. मामीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
सदू


गुरववाडी, ता. राजापूर
दि. ६-१०-८५

चि. सदूस अ. उ. आ.

खोकं पोचलं, आणि त्यापायी तुझ्या मामाची भर देवळात फजिती झाली. आरती नेहमीसारखी सावकाश सुरू झाली, आणि तुझी मोटर सुटली ती उधळलेल्या पाड्यासारखी. लोक धापा टाकत तिच्यामागे. शेवटी लोकांना रंग चढला, तर ही आपली होती तिथेच. अरे शहाण्या, तू सरासरी काढलीस! मी सुरुवात करतो पन्नासाने आणि संपवतो दीडशेला. शंभर मधे लागतो, तो जाता जाता.

रावजी मानकरी हसले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की, त्रिपुरी पौर्णिमेला घोटाळा नको, मुंबईच्या मंडळींना लिहून तयार यंत्रच मागवू. त्यात नगारा, घंटा, झांजा सगळं आपोआप होतं, मी नुसतं बटण दाबायचं. सदू, आजोबांपासून हा नगारा आमच्या हातचा आहे. बटण दाबायला गंगाराम कशाला हवा? मला फार वाईट वाटलं. मामीला बोललो नाही, तुला लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी डबी उघडली, रागावू नकोस. बटण दाबलं की आत टक् करून एक पट्टी चिकटते, एवढंच दिसलं. तिला थोडं, जास्त असं काही कळतच नाही का? मोटरला सावकाश चाल म्हणून सांगणारा दुसरा ड्रायव्हर मिळतो का? असेल तर शोध. आमचा जीव तुझ्यावर आहे तो आहेच.

तुझा,
गंगाराममामा


मांडवी
दि. २०-१०-८५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सरासरीबद्दल कान पकडतो. तुमचं निदानही बरोबर आहे, रिलेला होय आणि नाही एवढंच कळतं. म्हणून मधे रेझिस्टन्सची तार घालून वीज कमी करून पाहिली. ऐंशीपर्यंत ठीक चाललं. पन्नासाला मोटरमध्ये काठी उचलण्याचीही ताकद उरत नाही. गुणगुणते आणि थांबते, तार मात्र तव्यासारखी तापते.

दुसरं काही सुचलं नाही तर रावजींचं ऐकावं लागेल. हे लिहिताना लाज वाटते.

एक विचारतो. कॅसेट पुन्हा ऐकली. सुरुवातीचे ठोके इतके सावकाश, तरी आवाज शेवटाइतकाच दणदणीत. हे कसं करता? हात हळू झाला तरी दुबळा कसा होत नाही? उत्तर द्यावं आणि रागाबरोबर थोडा लोभही राहू द्यावा.

आपला,
सदू


गुरववाडी
दि. २७-१०-८५

चि. सदूस अ. उ. आ.

लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून नगारा ऐकलास, आणि विचारतोस आज! नवशिक्याला सावकाश वाजव म्हटलं की तो हात सैल सोडतो, मग नगारा पोकळ बोलतो. माझ्या वडिलांनी पहिलं हेच शिकवलं, की ठोका कधी कमी करायचा नाही. सावकाश असो की जलद, प्रत्येक ठोका पुऱ्या हाताचा. कमीजास्त करायची ती दोन ठोक्यांमधली जागा.

याचा तुझ्या मोटरला काय उपयोग ते तुलाच ठाऊक. मामी म्हणते, दिवाळीला नाही आलास तरी चालेल, पण जेवत जा. आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझा,
गंगाराममामा


मांडवी
दि. २०-११-८५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं आणि हातातला पाना खाली पडला. मी मोटरला सैल हाताने मारत होतो! आता वीज कमी करत नाही. पुरी देतो, मग क्षणभर काहीच नाही, पुन्हा पुरी. सेकंदाला दोनशे वेळा. मधली जागा वाढवली की मोटर सावकाश होते, पण काठी उचलते. इतकी उघडझाप रिलेला झेपत नाही, त्याला ट्रान्झिस्टरच हवा.

पहिला जळाला. चालती मोटर तीन अँपिअर घेते म्हणून मी पाचाचा निवडला. पण ती सर्वांत जास्त ओढते अडकून उभी राहिली की, पार पंधरापर्यंत. ड्रायव्हर अडलेल्या मोटरकडे बघून निवडायचा असतो, हे जाळून शिकलो. आता दोन दांडगे जोडीने लावले आहेत, गार राहावेत म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. वीज तोडली की मोटर उलट झटका देते, त्यासाठी डायोडची परतवाट ठेवली आहे. गिअर बदलला, आता दीडशेपर्यंत जाईल.

बटण काढून टाकलं. तिथे फिरवायची गुंडी आहे, तुमच्या डाव्या हाताला येईल अशी. या वेळी मी काहीही मोजलेलं नाही. ते तुमच्याकडे. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
सदू


गुरववाडी
दि. २८-११-८५

चि. सदूस अ. उ. आ.

काल त्रिपुरी झाली. रावजी सुरुवातीपासून माझ्या शेजारी उभे होते. मी गुंडी पन्नासाला धरली आणि लोकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. झांजवाला बाबू मागे पडला तिथे जरा थांबलो, पोरं चढली तिथे सोडली. शेवटच्या कडव्याआधी माझे वडील नगारा अगदी गप्प करत. मीही गुंडी मागे नेली. सगळं देऊळ थांबलं. मग एकदम दीडशेवर सोडली, आणि सदू, माझ्या अंगावर काटा आला. प्रसाद घेताना रावजी म्हणाले की मुंबईला पत्र घालायचं कारण उरलं नाही.

पण सांगायचं ते वेगळंच. खालच्या वाडीतल्या गोदूबाईंची दृष्टी गेली आहे, त्या बाहेर पायरीवर बसून आरती ऐकतात. त्यांना यंत्राचं कुणी सांगितलं नव्हतं. आरती झाल्यावर त्या चाचपडत आत आल्या, माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, गंगारामा, बरा झाला रे तुझा हात.

मी हो म्हटलं. खोटं बोललो असं मला वाटत नाही.

तुझा,
गंगाराममामा