बाबांचा पंचनामा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात म्हणे आता तीन पुस्तकं एकदम दाबायचं नवं यंत्र आलंय. चांगलं झालं. त्यात बोट घालू नकोस म्हणजे मिळवली.

बाबांचं चौथं इंजेक्शन झालं. आजाराची मला तेवढी भीती वाटत नाही जेवढी ताटाची वाटते. दोन चमचे सूप घेतात आणि लगेच मोरीकडे धावतात. नोकरी संपताना जकात नाक्यावरून भेट मिळालेला तो वजनकाटा आठवतो ना? घरात येणारी प्रत्येक वस्तू अजून त्यावर चढते. परवा मी त्यांनाच वजनाबद्दल विचारलं, तर म्हणाले, मी काही माल नाही. कपडे मात्र आता त्यांच्या अंगावर लोंबतात.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं की गांजापासून काढलेल्या तेलानं पुष्कळ रोग्यांची उलटी थांबते, भूक लागते. पण आपल्याकडे ते फक्त दोनच आजारांना देता येतं, आणि बाबांचा आजार त्या यादीत नाही. सांगताना बिचारे माझ्याकडे बघतही नव्हते. तुमच्या प्रांतात काय नियम आहे, जरा चौकशी करशील?

तब्येत सांभाळ, आणि पत्राला आळस करू नकोस.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चौकशी केली, आणि हसावं की रडावं तेच कळेना. आमच्या गल्लीत चपलांचं दुकान आणि फुलवाली यांच्यामध्ये त्या तेलाचं दुकान आहे, पाटी लावून! प्रौढ माणूस ओळखपत्र दाखवून घेऊ शकतो. औषध म्हणून हवं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधवाला. आत्तेभावाला फोन केला, तर त्याच्या प्रांतात तिसराच प्रकार. जवळ थोडं बाळगलं तर गुन्हा नाही, विकलं तर तुरुंग. म्हणजे सगळ्यांकडे आहे आणि विकलं कुणीच नाही. आभाळातून पडतं बहुतेक.

ताई, तुझं घर माझ्या घरापासून बसनं तीन तासांवर. पोटात ढवळायला नाका ओलांडावा लागत नाही, मग औषधालाच का अडवतात?

मी एक जाडजूड पुस्तक पाठवतोय. शंभराव्या पानानंतर तू एकटीनंच उघड. जास्त विचारू नकोस.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा धाकटा

१ मार्च

चि. धाकट्या,

आज आशीर्वाद नाहीत, आधी बोलणी खा. तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडणाऱ्या माणसाच्या घरी तू पोकळ पुस्तक पाठवलंस? तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती?

मी बाजारात गेले होते. पार्सल बाबांनी घेतलं. सवयीप्रमाणे काट्यावर ठेवलं, मग तसंच दुसरं पुस्तक शेजारी ठेवलं. त्यांचा नियम तुला पाठ आहे: जे जड असायला नको ते जड लागलं की उघडायचं. मी परत आले तेव्हा बाटली टेबलावर होती आणि बाबा पंचनामा लिहीत होते. तारीख, वेळ, वजन, बाटलीचा रंग, सगळं. मग उठून त्यांनी तेल मोरीत ओतलं आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली नाही. पेन टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या दोन आजारांच्या यादीवर, सगळ्यांवर चिडून रडले.

थोड्या वेळानं बाबा दारात येऊन उभे राहिले आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचून दाखवलं. ते त्यांनी हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, तिकडं ते उघड मिळत असेल तर कायदा छापील दाखवा, ऐकीव नको.

आणि एक. पंचनाम्याच्या शेवटी त्यांनी एक ओळ लिहिलीय. पोकळी सरळ कापलेली असून आतलं कागदाचं अस्तर अतिशय सुबक आहे. नऊ वर्षांत तुझ्या कामाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिलाच शब्द. तो तुला कळवल्याशिवाय राहवेना.

आता घे आशीर्वाद.

ताई

९ मार्च

तीर्थरूप बाबांचे चरणी शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. ताईला काही बोलू नका. बाटली लपवायचीच होती तर चोरासारखं वेडंवाकडं कापायला हवं होतं, पण तसं कापायला हात धजेना. कागद उरला होता म्हणून अस्तरही लावलं.

सोबत तिन्ही प्रांतांचे छापील कायदे एका वहीत बांधून पाठवलेत. खुशाल काट्यावर ठेवा, आत कागदच आहेत. आमच्या प्रांताचं अकरावं पान बघा. बाहेरून आलेल्या माणसालाही इथल्या डॉक्टरनं तपासून चिठ्ठी दिली तर औषध मिळतं. मात्र ते प्रांताबाहेर नेता येत नाही.

मी नाक्यावरची नोकरी नाकारून निघालो तेव्हा तुम्ही दारापर्यंत आला नाहीत. मीही मागं वळून पाहिलं नाही. तेव्हापासून दुकानावरची खोली तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय हे तुम्हाला कधी कळवलंच नाही. जिना चौदा पायऱ्यांचा आहे, कठडा मजबूत आहे. बाबा, या. तुम्ही उपाशी आहात हे कळल्यापासून मलाही घास जात नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

धाकटा

२ एप्रिल

चि. मोठीस अ. उ. आ. वि. वि.

तू बसमध्ये बसवून दिलंस त्यानंतरची हकिकत. नाक्यावर सगळे उतरलो. एक तरुण अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाला, आजोबा, तुम्ही जा. मी म्हटलं, पेटी उघडा. तो नको म्हणाला, मी हट्ट धरला. मागची रांग माझ्या नावानं बोटं मोडत होती. पेटीत दोन सदरे, अकराव्या पानावर खूण घातलेली वही आणि तू लपवलेली बिस्किटं निघाली. बिस्किटांचं मला सांगितलं नव्हतंस.

इथल्या डॉक्टरनं तासभर तपासलं आणि चिठ्ठी दिली. औषधवाल्यानं बाटली सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. पहिल्या दिवशी नुसती गुंगी आली. मग डॉक्टरनं थेंब कमी केले. चौथ्या दिवशी मी वाटीभर सूप घेतलं आणि ते पोटात राहिलं. काल स्वतःहून आणखी मागितलं, तर तुझा भाऊ तोंड फिरवून डिंक ढवळत बसला. ढवळण्यासारखं त्या भांड्यात काही नव्हतं.

त्याचं काम बसून पाहतो. शिवण मोजून घालतो, दोरा वाया घालवत नाही. ही नजर माझीच आहे, ती मी त्याला नाक्यावर बसवून वाया घालवणार होतो. हे त्याला अजून तोंडानं सांगता आलेलं नाही. तू सांगू नकोस, मीच सांगीन.

औषध नाका ओलांडू शकत नाही, आणि मी चोरून नेणार नाही. म्हणजे घरी यायचं तर उपाशी यायचं. म्हणून मी इथंच राहायचं ठरवलंय. तुझं घर सुनं होईल, हे मला कळतं. माझ्या खोलीची खिडकी उघडत जा. इकडची इंजेक्शनं पुढच्या आठवड्यात सुरू होतील.

शनिवारी तू ये. येताना वजनकाटा आण. जड आहे, पण नाक्यावर आधीच सांगून ठेवलंय.

तो पंचनामा मी बरोबर आणला होता. धाकट्यानं त्याला पुठ्ठा बांधला, आत तेच अस्तर लावलं. साक्षीदाराची जागा अजून कोरी आहे. येशील तेव्हा सही कर. तेलाची नाही, शेवटच्या ओळीची.

वाट पाहतो.

तुझे बाबा